‘लोक’ म्हणजे नेमके कोण? पॉप्युलिझम समजून घेताना

गेल्या दहा वर्षांत वर्तमानपत्रांच्या परदेशविषयक पानावर एक शब्द वारंवार दिसू लागला आहे: पॉप्युलिझम. कोणी त्याला लोकानुनय म्हणतो, कोणी लोकरंजनवाद, तर कोणी इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहून पुढे जातो. अमेरिकेचे डोनाल्ड ट्रम्प, हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान, व्हेनेझुएलाचे ह्युगो चावेझ, अर्जेंटिनाचे हावियेर मिलेई, एल साल्वादोरचे नायिब बुकेले अशी एकमेकांशी फारसे साम्य नसलेली माणसे या एकाच शब्दाखाली गोळा केली जातात. त्यांच्यात कोणी डावे आहेत, कोणी उजवे. कोणी सरकारी तिजोरी खुली करणारे, तर कोणी तिला कुलूप लावणारे. इथे वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या भाचीने मध्यंतरी मला विचारले, “मावशी, पॉप्युलिझम म्हणजे निवडणुकीआधी रेवड्या वाटणे, एवढेच ना?” मी नाही म्हटले खरे, पण त्या वेळी दिलेले स्पष्टीकरण अपुरे होते. ते पूर्ण करण्यासाठी हा लेख.

व्याख्येतला ‘फक्त’

राज्यशास्त्रात या शब्दाच्या व्याख्या अनेक आहेत. तरीही अलीकडच्या बऱ्याच अभ्यासकांना मान्य होईल असा गाभा थोडक्यात सांगता येतो. समाजात दोनच गट आहेत असे मानायचे: एकीकडे निर्मळ, कष्टाळू आणि एकाच मताची ‘जनता’, दुसरीकडे सत्ता, पैसा, पद किंवा विद्वत्ता यांच्या बळावर निर्णय आपल्या हाती ठेवणारे भ्रष्ट ‘अभिजन’. आणि मग असा दावा करायचा की त्या जनतेचा खरा आवाज फक्त माझा आहे.

सारी गोम या ‘फक्त’मध्ये आहे. सरकार भ्रष्ट आहे, श्रीमंतांचे ऐकते, सामान्य माणसाला विचारत नाही, असे कोणताही विरोधी पक्ष म्हणतो आणि ते म्हणणे हे त्याचे कामच आहे. त्याने कोणी पॉप्युलिस्ट ठरत नाही. “बरेच लोक माझ्या बाजूने आहेत” असे म्हणणारा नेता लोकशाहीतला उमेदवार असतो. “लोक म्हणजे मी, आणि माझ्या विरोधात आहेत ते लोकच नव्हेत” असे म्हणणारा नेता वेगळ्या वाटेला लागलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की पॉप्युलिझमला स्वतःचा असा आर्थिक किंवा सामाजिक कार्यक्रम नसतो. स्वयंपाकघरातला दाखला द्यायचा तर ती फोडणी आहे. फोडणी वरणालाही देता येते आणि कोशिंबिरीलाही. नुसत्या फोडणीने कोणाचे पोट भरत नाही, पण पानात वाढलेल्या पदार्थाची चव तीच ठरवते. लॅटिन अमेरिकेत ही फोडणी अनेकदा समाजवादाला दिली गेली, युरोपात ती राष्ट्रवादाला आणि स्थलांतरितविरोधाला दिली गेली. म्हणूनच या यादीतली माणसे एकमेकांसारखी दिसत नाहीत.

बेचाळीस फ्लॅट्सची गोष्ट

हे जवळून पाहायला मला परदेशी जावे लागले नाही. आमच्या सोसायटीत ४२ फ्लॅट आहेत आणि त्यांत मराठी, गुजराती, सिंधी, तमिळ अशी सगळी कुटुंबे राहतात. काही वर्षांपूर्वी लिफ्ट महिनाभर बंद होती. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकाकडून पैसे घेतले होते, पण हिशेब कोणी दाखवत नव्हते. कमिटीतली चार माणसे वर्षानुवर्षे तीच होती आणि विचारायला गेलेल्याला “तुम्हाला त्यातले कळत नाही” असे उत्तर मिळत असे. वार्षिक सभा पार्किंगमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसलेल्या आम्हा सगळ्यांसमोर एक सभासद उभा राहिला आणि म्हणाला, की कमिटी चोर आहे, हिशेब तपासनीस त्यांचाच माणूस आहे आणि आता सभासदांचे राज्य येणार आहे. त्याला २४ मते पडली, विरोधात १८. मी त्या चोविसांत होते, आणि त्या दिवशी त्याने मांडलेल्या तक्रारी खऱ्याच होत्या असे मला आजही वाटते.

आठ दिवसांत लिफ्ट सुरू झाली. पुढच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी उठून लिफ्टच्या दुरुस्तीची दरपत्रके पाहायला मागितली. अध्यक्ष म्हणाला, “सभासदांनी मला निवडले आहे. तुम्ही सभासदांच्या विरोधात का बोलता?” काकांनी चष्मा काढून हातात धरला आणि शांतपणे, आमच्या सभा चालतात तशा गुजरातीतच, विचारले, “मी इथे २७ वर्षे राहतो आहे. मी सभासद नाही का?” पार्किंगमध्ये थोडा वेळ कोणीच बोलले नाही. जगभरातल्या पॉप्युलिझमबद्दल मी जे काही वाचले आहे, त्याचा मथितार्थ मला काकांच्या त्या प्रश्नात सापडतो.

सुरुवात शेतकऱ्यांपासून

या शब्दाला जन्मतःच काळिमा लागलेला नव्हता. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात पीपल्स पार्टीने आपला जाहीरनामा मंजूर केला आणि तिच्या अनुयायांना ‘पॉप्युलिस्ट’ म्हटले जाऊ लागले. अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातल्या, म्हणजे कॅन्सससारख्या, राज्यांतले कर्जबाजारी शेतकरी हे त्या पक्षाचे बळ होते. धान्याचे भाव कोसळलेले, वाहतूक रेल्वे कंपन्यांच्या मुठीत आणि कर्ज पूर्वेकडच्या बँकांच्या मर्जीवर, अशी त्यांची कोंडी झाली होती. विदर्भातला कापूस शेतकरी किंवा सौराष्ट्रातला भुईमूग शेतकरी ही तक्रार सहज ओळखेल.

त्यांच्या मागण्या काय होत्या? उत्पन्नाच्या प्रमाणात वाढत जाणारा आयकर, सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) सदस्यांची थेट जनतेकडून निवड, गुप्त मतदान, रेल्वेवर सरकारी मालकी. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते मिळाली. १८९६ नंतर पक्ष विरत गेला, पण आयकर आणि सिनेटची थेट निवड या दोन्ही गोष्टी १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने अमलात आल्या. ज्यांना त्या काळी अडाणी शेतकऱ्यांचा जथा म्हणून हिणवले गेले, त्यांच्या मागण्या वीस वर्षांत देशाचा कायदा झाल्या. पॉप्युलिझमवर टीका करताना हा इतिहास विसरू नये असे मला मनापासून वाटते, कारण पॉप्युलिझमच्या मुळाशी असलेली तक्रार अनेकदा खरी असते. तिच्यावर सुचवलेल्या उपायाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

मग रेवडीचे काय?

भाचीचा प्रश्न हाच होता. आपल्याकडे मोफत वीज, मोफत बस किंवा खात्यात थेट पैसे असे काही जाहीर झाले की ‘लोकानुनय’ हा शब्द लगेच वापरला जातो. मतांसाठी तिजोरीचा विचार न करता वाटप करणे ही गोष्ट टीकेला पात्र असू शकते, परंतु पॉप्युलिझम ही त्याहून निराळी बाब आहे.

अर्जेंटिनाचे मिलेई याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते सुमारे ५६ टक्के मते मिळवून निवडून आले, आणि त्यांनी प्रचारात काही फुकट द्यायचे कबूल केले नव्हते. उलट हातात यांत्रिक करवत घेऊन ते सभांना जात आणि सरकारी खर्च असा कापून काढीन असे सांगत. तरीही त्यांची मांडणी पूर्णपणे पॉप्युलिस्ट होती: देशाला लुटणारी राजकारण्यांची एक ‘जात’ आहे आणि तिला हटवणारा मी आहे. स्पेनमध्ये २०१४ मध्ये स्थापन झालेला डावा पोदेमोस पक्षही ‘जात’ हाच शब्द वापरत होता.

याच्या उलट, आज वाटप म्हणून हिणवलेली योजना उद्या शहाणपणाची ठरू शकते. मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण सुरू केले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते खूप वाढवले, तेव्हा हा खर्च राज्याला परवडणारा नाही अशी टीका झाली. १९९५ मध्ये केंद्र सरकारने तीच कल्पना देशभर नेली. थायलंडमध्ये थाकसिन शिनावात्रा यांनी २००१ मध्ये ३० बाहतमध्ये उपचाराची योजना आणली. २००६ मध्ये लष्कराने त्यांना सत्तेवरून हटवले, पण ती आरोग्यव्यवस्था पुढच्या सरकारांना मोडता आली नाही. योजना चांगली की वाईट हे तिच्या हिशेबावरून ठरवावे. नेता पॉप्युलिस्ट आहे की नाही हे तो विरोध करणाऱ्या नागरिकाला काय म्हणतो यावरून ठरते.

कामाठीबागेतला एक दिवस

‘जनता’ हा शब्द उच्चारला की तो सर्वांना कवेत घेतो असे वाटते. प्रत्यक्षात तो उच्चारणाऱ्याच्या मनात एक चित्र असते, आणि त्या चित्राच्या चौकटीबाहेर नेहमी कोणीतरी राहिलेले असते.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर सार्वमत झाले. बाजूने ५१.९ टक्के, विरोधात ४८.१ टक्के. निकाल स्पष्ट होत असताना, बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करणारे नेते नायजेल फराज यांनी हा ‘खऱ्या लोकांचा’ विजय असल्याचे सांगितले. हे ऐकायला साधे वाटते, पण खरे लोक जिंकले असतील तर हरलेले ४८ टक्के कोण होते? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी लागेल. त्यांनी सार्वमत रद्द केले नव्हते, केवळ रीत सांगितली होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या खपाच्या एका वृत्तपत्राने त्या तिघांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ म्हटले.

या प्रश्नाचा एक पुरावा आमच्या शहरातच उभा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना म्हणून ते नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत काढला. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. महाराज त्यांच्या बाजूने होते, हुकूम त्यांच्या बाजूने होता, तरीही त्या दिवशी शहरातल्या ‘लोकां’मध्ये त्यांची गणना झाली नाही.

सयाजीरावांचाही इथे विचार करावासा वाटतो. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. ते लोकांना त्या वेळी आवडलेले नव्हते. ते राजे होते, निवडून आलेले नव्हते, आणि तो काळ परत यावा असे कोणी म्हणणार नाही. पण लोकांच्या हितासाठी त्यांचा रोष पत्करणे आणि लोकांच्या नावाने बोलून त्यांच्यातल्याच काहींना बाजूला सारणे यांतले अंतर त्या उदाहरणातून कळते.

हे आताच का वाढले?

एकच कारण सांगता येत नाही, पण २००८ हे वर्ष टाळून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि पाठोपाठ साऱ्या जगाची पतव्यवस्था गोठली. अमेरिकेने बँका वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. हप्ते न भरता आल्यामुळे ज्यांची घरे गेली, त्यांनी हे पाहिले. नोव्हेंबरमध्ये राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या असताना त्यांनी तिथल्या विद्वानांना विचारले, की हे कोणालाच आधी कसे दिसले नाही? ज्या तज्ज्ञांनी “तुम्हाला त्यातले कळत नाही” असे सांगितले होते, त्यांनाही कळलेले नव्हते, आणि किंमत दुसऱ्यांनीच मोजली.

त्याआधीपासून कारखाने पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होते. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर हा वेग वाढला. आपल्यासारख्या देशांतल्या कोट्यवधी लोकांना व्यापार वाढल्याचा लाभ झाला, हेही तितकेच खरे आहे. पण ओहायोतल्या पोलाद कारखान्यातून कमी झालेल्या कामगाराला त्याचे समाधान कसे वाटावे? २०१५ मध्ये मुख्यतः युद्धातून पळालेले दहा लाखांहून अधिक लोक युरोपात पोहोचले आणि नोकरीच्या चिंतेत ओळखीची चिंता मिसळली. ग्रीसमध्ये त्याच वर्षी जुलैत कर्जदात्यांच्या अटींवर सार्वमत झाले, ६१ टक्के लोकांनी नकार दिला आणि आठवडाभरात सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. मत देऊनही काही बदलत नाही असे लोकांना वाटू लागते ते अशा प्रसंगांमुळे.

मोबाईलमुळे नेत्याला पत्रकाराची गरज उरली नाही, हेही एक कारण आहे. पण त्याला फार मोठे मानू नये. चावेझ हेच काम रविवारच्या, तासन्‌तास चालणाऱ्या दूरदर्शन कार्यक्रमातून करत होते.

सत्ता मिळाल्यावर

हंगेरीचा अनुभव समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे रणगाडे रस्त्यावर आले नाहीत. २०१० मध्ये ओर्बान यांच्या पक्षाला सुमारे ५३ टक्के मते आणि दोन तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना मंजूर झाली. न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले. वाचताना हा प्रशासकीय तपशील वाटतो; परिणाम असा की अनुभवी न्यायाधीशांची एक फळीच एकदम बाहेर पडली आणि रिकाम्या जागा नव्या सरकारने भरल्या. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये हे बेकायदा ठरवले, पण तोवर खुर्च्यांवर नवी माणसे बसली होती. निवडणुकीचा कायदा बदलला. २०१४ मध्ये पक्षाची मते ४५ टक्क्यांच्या आसपास आली, तरी दोन तृतीयांश जागा टिकल्या.

यामागे एक तर्क आहे आणि तो आतून सुसंगत आहे. मी म्हणजेच जनता असेन, तर मला अडवणारे न्यायालय जनतेला अडवते. माझा हिशेब मागणारा महालेखापाल जनतेवर संशय घेतो. मला प्रश्न विचारणारे वृत्तपत्र जनतेचा अपमान करते. एकदा पहिले विधान मान्य केले की पुढची सगळी आपोआप मान्य होतात. चावेझ यांनी २०१२ च्या प्रचारात, चावेझ म्हणजे आता मी नव्हे, चावेझ म्हणजे जनता, या आशयाचे उद्गार काढले. तेलाचे भाव चढे होते तोवर त्यांच्या काळात गरिबी खरोखर कमी झाली. पण भाव कोसळले तेव्हा धोरण चुकते आहे असे सांगू शकणारी एकही संस्था धड उरली नव्हती, आणि त्यांच्या पश्चात ७० लाखांहून अधिक माणसांनी तो देश सोडला.

“पण ते तर निवडून आलेले आहेत”

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. बहुमताने निवडलेल्या माणसाला न निवडलेला न्यायाधीश का अडवतो? याचे उत्तर असे की मतदार एका दिवशी सत्ता देतो, पण ती पाच वर्षांनी परत घेण्याचा हक्क स्वतःजवळ ठेवतो. तो हक्क जपायचा तर मधल्या काळात मतदारयादी, न्यायालय, हिशेब तपासणी आणि वृत्तपत्रे सत्ताधाऱ्याच्या मुठीबाहेर राहायला हवीत. आमच्या सोसायटीत २४ जणांनी अध्यक्ष निवडला, म्हणून उरलेल्या १८ जणांचे पाणी तोडण्याचा अधिकार त्याला मिळत नाही, आणि पुढची सभाच घेऊ नये असे ठरवण्याचा अधिकार तर त्या २४ जणांनाही नाही.

दावा कसोटीला लागतो तो पराभवाच्या दिवशी. ‘मी म्हणजेच जनता’ असेल तर जनता मला हरवूच शकत नाही. म्हणजे हरलो तर मोजणीतच लबाडी झाली असली पाहिजे. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीत आणि ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझीलच्या राजधानीत हरलेल्या अध्यक्षांच्या समर्थकांचा जमाव घुसला तो याच समजुतीतून.

“पण काम होते ना?”

एल साल्वादोर हा एकेकाळी जगातल्या सर्वाधिक खून होणाऱ्या देशांपैकी एक होता. बुकेले यांनी मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लावली, ८० हजारांहून अधिक लोकांना तुरुंगात टाकले आणि खुनांचे प्रमाण एकदम खाली आले. आई मुलाला संध्याकाळी खेळायला पाठवू शकते, ही गोष्ट लहान नाही. २०२४ मध्ये त्यांना ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आणि ती भीतीपोटी मिळाली असे म्हणणे तिथल्या मतदारांवर अन्याय करणारे ठरेल. पण पकडलेल्यांपैकी हजारो जणांना पुढे सोडावे लागले. घटनेचा अर्थ लावणाऱ्या न्यायाधीशांना संसदेने २०२१ मध्येच काढून टाकले होते, आणि अध्यक्षपदाच्या मुदतीवरची मर्यादा २०२५ मध्ये उठवली गेली. ज्याचा मुलगा चुकून पकडला गेला, त्याने दाद मागायची कोठे, या प्रश्नाला तिथे आज उत्तर नाही. काम झाले हे मान्य करूनही हा प्रश्न विचारायला हवा. लिफ्ट सुरू झाली म्हणून काकांनी दरपत्रके मागायची नाहीत असे थोडेच आहे?

‘पॉप्युलिस्ट’ ही नावडत्या नेत्याला दिलेली शिवी तर नव्हे?

काही वेळा असते, आणि याबद्दल माझा राग त्या शब्दापेक्षा तो वापरणाऱ्यांवर अधिक आहे. आपल्याला न पटणारा कौल आला की मतदार भावनेच्या आहारी गेले असे म्हणून मोकळे होणारे लोक पॉप्युलिस्ट नेत्याचे अर्धे काम स्वतःच करतात. वरचे लोक तुम्हाला तुच्छ मानतात, हे त्याचे म्हणणे त्यांच्या तोंडून सिद्ध होते. बोलिव्हियात बहुसंख्य मूलनिवासी समाजातून पहिला अध्यक्ष निवडून यायला २००५ साल उजाडावे लागले. तिथल्या जुन्या पक्षांना याची लाज वाटायला हवी होती. शब्द जपून वापरावा आणि तो मतदाराला कधीही लावू नये. तो नेत्याच्या दाव्याला लावावा.

भारताचे काय?

आपल्याकडे या मांडणीचे सर्वांत ठळक उदाहरण सत्तरच्या दशकातले आहे. १९७१ मध्ये ‘गरिबी हटाव’ या घोषणेवर इंदिरा गांधींच्या पक्षाने ४४ टक्क्यांच्या आसपास मतांवर ३५२ जागा जिंकल्या. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. पक्षाध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजेच इंडिया असे म्हटले. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हान देता येऊ नये अशी घटनादुरुस्तीही झाली. १९७७ मध्ये मतदारांनी त्यांना हरवले, आणि त्यांनी तो पराभव स्वीकारला, हेही नोंदवले पाहिजे.

२०११ च्या लोकपाल आंदोलनाची भाषाही, सगळे राजकारणी एका बाजूला आणि सामान्य माणूस दुसऱ्या बाजूला, अशीच होती. त्यातून निघालेल्या पक्षाने ‘आम आदमी’ हे नावच घेतले. नरेंद्र मोदी २०१४ मध्ये आमच्या वडोदऱ्यातूनही निवडून आले होते. अनेक परदेशी अभ्यासक त्यांचे नाव या यादीत घेतात. दिल्लीतल्या प्रस्थापित वर्तुळाविरुद्धची भाषा आणि विरोधकांना देशविरोधी ठरवणारा प्रचार ही त्यांची कारणे. समर्थकांचे उत्तर असे की राज्यांमध्ये सत्तापालट होत राहतात, आणि २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळून स्वबळावरचे बहुमत गेले तेव्हा पक्षाने आघाडीचे सरकार बनवले. माझे मत असे की हा वाद नावावर घालू नये. कोणत्याही पक्षाच्या नेत्याचे भाषण घ्यावे आणि त्यात विरोधी मत देणारा नागरिक कोणत्या शब्दांत येतो ते पाहावे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना आंबेडकरांनी सांगितले होते की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आमच्या शहराने ज्याला एक खोली दिली नाही, त्या माणसाने ३२ वर्षांनी हे सांगितले, आणि ते सांगताना ‘लोक’ या शब्दातून त्याने कोणालाही वगळले नाही.

हरल्यानंतर

पॉप्युलिस्ट सरकार गेले की सगळे पूर्ववत होते असा समज आहे. पोलंडमध्ये आठ वर्षांनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सत्ताधारी पक्षाचे बहुमत गेले; मतदान ७४ टक्क्यांच्या आसपास झाले होते. नव्या सरकारला पहिल्याच महिन्यात पेच पडला. सरकारी दूरदर्शन जुन्या पक्षाच्या माणसांच्या हाती, घटना न्यायालयातल्या काही नेमणुकाच वादग्रस्त, आणि कायदा बदलावा तर राष्ट्राध्यक्ष जुन्या पक्षाच्या बाजूचे. मोडलेले नियम दुरुस्त करण्यासाठी नियम वाकवावेत का? त्यांनी दूरदर्शनची व्यवस्थापने घाईने बदलली तेव्हा त्यांच्या हितचिंतकांपैकीही काहींनी आक्षेप घेतला. २०२५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जुन्या पक्षाने पाठिंबा दिलेला उमेदवार जेमतेम ५०.९ टक्क्यांनी जिंकला.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांनी नवी कमिटी आली. मिनिट बुक ताब्यात मिळायला तीन महिने लागले, आणि मिळाले तेव्हा मधली काही पाने नव्हती. लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव त्याच पानांवर होता. कोणावर आळ घ्यायचा हे न ठरवता, त्या सभांना हजर असलेल्या सगळ्यांना बोलावून जे आठवते ते पुन्हा लिहून काढायचे असे ठरले. एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडले. तिसऱ्या मजल्यावरचे काका आले, आणि तो माजी अध्यक्षही आला. दरपत्रकांवरून दोघांचे पुन्हा वाजले. शेवटी दोघांची म्हणणी वेगवेगळी लिहून घेतली आणि खाली दोघांनीही सह्या केल्या.